उजव्या कुशीवर

मी आज श्वास घेतोय तो इकोवाल्या ताईंमुळे. नारपोलीतल्या एका सेंटरमध्ये त्या हृदयाचा इको काढत. यंत्राची मूठ छातीवर अशी दाबायच्या, की पेशंट कळवळायचा. "दुखतंय? दुखू दे. हलक्या हाताने आतलं दिसत न्हाय," म्हणायच्या. त्या खारबावकडच्या, बोलणं तिकडचंच.

आठवीत शाळा सोडून मी नांदेडहून इकडे नारपोलीजवळच्या पूर्णा गावातल्या गोदामात हमालीला आलो. खोकी उचलताना भोवळ येऊन पडलो. पहिल्या ठिकाणी इको झाला, तिथे म्हणाले, 'झडप जराशी अरुंद आहे, काम चालू ठेव.' मला बरंच वाटलं. काम सुटलं तर गावी आई काय खाणार? पुन्हा पडलो, तेव्हा मुकादमाने ताईंकडे पाठवलं.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. लाल-निळं रक्त उसळत होतं.

"पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाणी लांब उडतं ना? तसं हाय. धार किती जोरात उडते, त्यावरून मागचं प्रेशर काढायचं. पन धार तिरकी बघितली तर प्रेशर कमीच दिसतं. समोरून धरायला लागते."

डाव्या कुशीवरून बघून झालं. बाकीचे इकोवाले तिथेच थांबतात. ताई म्हणाल्या, "आता उजव्या कुशीवर हो."

तेवढ्यात सेंटरचे डॉक्टर दारात. "मॅडम, बाहेर लाईन बघा. एकेकाला कितना टाइम?"

"धार गावली न्हाय, सर."

"तुम्हाला लवकर कधी गावते?"

उजवीकडून गावली. प्रेशर आधीच्यापेक्षा कितीतरी जास्त निघालं. "आता खोकं उचलू नको. एक पन न्हाय," ताई म्हणाल्या. मुंबईच्या सरकारी दवाखान्यात झडप बदलली. मी वाचलो.

टाके सुकल्यावर पेढे घेऊन गेलो, तर ताई नव्हत्या. "त्यांना काढलं. फार स्लो होत्या," काउंटरवरची बाई म्हणाली आणि पेढा खाल्ला.

यंदा तपासणीला दुसऱ्याच सेंटरमध्ये गेलो, तर यंत्राशी ताई. हात हलका झालेला. डाव्या कुशीवरून भरभर बघून त्यांनी पुसायला कागद पुढे केला.

"झालं, ताई?"

"झालं रे. आता कोनाला दुखत न्हाय."

मी कागद घेतला नाही. उजव्या कुशीवर वळलो. ताईंनी दाराकडे बघितलं. बाहेर कोणीतरी खेकसत होतं. मग त्यांनी मूठ दाबली. दुखलं.

हमाली सुटली, आता मी गोदामाच्या गेटवर असतो. माणसं अडवायचं तेवढं येतं मला. ताई, तुमचं ऋण एक दिवस फेडीन. त्या दिवशी तुमच्या दारात मी उभा असेन, आणि तुमची धार गावेपर्यंत कोणालाही आत सोडणार नाही.