गाडी नानांना मिळू नये म्हणून

दार-ए-सलामला जायचं ठरलं तेव्हा गाडी विकणं हेच शहाणपणाचं होतं. नऊ वर्षं वापरलेली अँबेसिडर जहाजात घालून आफ्रिकेला नेणं याला कोणीही वेडेपणाच म्हटलं असतं, आणि म्हटलंही. माझ्या नवऱ्याला तिकडच्या एका सूतगिरणीत इंजिनिअरची नोकरी लागली होती. राहायला घर मिळणार होतं, भांडीकुंडी नेण्याचा खर्चही गिरणी देणार होती. त्यात गाडी मात्र धरलेली नव्हती. जळगावच्या आमच्या कॉलनीत जो तो विचारायचा, "गाडीचं काय करणार?" मी म्हणायची, "बघू." मनात एवढंच पक्कं होतं की विकू, मोडीत घालू किंवा बरोबर नेऊ, पण शिंदखेड्याच्या त्या अंगणात ही गाडी पुन्हा उभी राहणार नाही.

शिंदखेडा हे माझं सासर. तिथे माझे जेठ राहायचे, यांचे थोरले भाऊ. त्यांना सगळे नाना म्हणत. शेती आणि कापसाच्या जिनिंगचा कारखाना तेच बघायचे. गाडीही तेव्हा त्यांच्याच हाताखाली असायची, म्हणायला एकत्र घराची, पण किल्ली त्यांच्या खिशात.

लग्नाला चौथं वर्ष होतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला मी सासरी होते. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात; मला मात्र त्या वर्षी थांबवून घेतलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी माझ्या नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते. हे नोकरीमुळे जळगावला. सकाळी आठच्या सुमाराला जिनिंगच्या ऑफिसात पिंपळनेरहून, माझ्या माहेरून, फोन आला. तो नानांनी घेतला. घरी येऊन ते ओसरीत उभे राहिले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "पिंपळनेरहून फोन होता. आईला बरं नाही म्हणे."

नाना माझ्याशी थेट कधी बोलत नसत. जेठाने भावजयीशी बोलायचं नाही, ही रीत. जे सांगायचं ते भिंतीला, खांबाला, नाहीतर आपल्या बायकोला. मीही मग डोक्यावरचा पदर पुढे ओढून मोठ्या जाऊबाईंना म्हटलं, "अक्का, गाडी मिळाली तर दुपारपर्यंत पोचेन."

अक्कांनी विचारायच्या आधीच नाना बोलले, "गाडी धोई ठेयेल शे. सकायले पाव्हनासले लेवाले जानी शे. यष्टी शे ना."

गाडी अंगणातच उभी होती. उद्याच्या पाहुण्यांना आणायला खरंच धुतलेली, चाकंसुद्धा पुसलेली. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून मी एस.टी.ने गेले. अक्कांनी धावत येऊन भाकरी आणि मिरचीचा ठेचा फडक्यात बांधून दिला. धुळ्याच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. माहेरी निघालेल्या बायका, नव्या साड्या, कडेवरची पोरं. साक्रीच्या दोन गाड्या भरून निघून गेल्या, तिसरीत मी घुसले. सगळ्या बाया आखाजीची गाणी म्हणत होत्या. शेजारची म्हणाली, "तू बी म्हण ना." मी म्हटलं, "मला येत नाहीत." साक्रीला पुन्हा तासभर खोळंबा. पिंपळनेरला पोचले तेव्हा पाचाच्या पुढे वाजले होते आणि भाऊ पांझरा नदीवरून परत येत होता, ओल्या कपड्यांत.

"ऊन फार होतं," तो म्हणाला. "तीनपर्यंत थांबलो. तू गाडीने येशील असं वाटलं होतं."

आई दुपारी बाराच्या आत गेली होती. भावाने सकाळी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की आशा नाही, ताबडतोब पाठवा. नानांनी मला सांगितलं, "बरं नाही." साडेआठला त्या गाडीने निघाले असते तर अकराला आईच्या उशाशी असते. हा हिशोब मी त्या दिवशी केला आणि नंतर किती वेळा केला ते सांगता येणार नाही.

यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "त्यांना एवढी कल्पना नसेल. जाऊ दे." मी जाऊ दिलं नाही. फक्त त्यावर बोलायची थांबले.

तीन वर्षांनी सासूबाई गेल्या आणि वाटण्या झाल्या. नदीकडचा चांगला तुकडा आमच्या वाट्याला येत होता. मी यांना म्हटलं, "जमीन सोडा, गाडी मागा." हे माझ्याकडे बघतच राहिले. पण यांनाही जळगावात गाडी हवीच होती, आणि जमीन कसायला आम्ही कुठे जाणार होतो? नानांना सौदा फायद्याचा वाटला. किल्ली देताना मात्र त्यांचा हात जरा रेंगाळला. मी ते बघितलं आणि मला बरं वाटलं.

मी गाडी शिकले. कॉलनीमागच्या मैदानात पहाटे दोन महिने. पुढच्या आखाजीला मी स्वतः चालवत पिंपळनेरला निघाले, आणि जायचा सरळ रस्ता सोडून मुद्दाम शिंदखेड्यावरून गेले. जिनिंगच्या फाटकासमोर गाडी हळू केली आणि हॉर्न वाजवला. नाना बाहेर आले. मी डोक्यावर पदर घेतला नाही. त्यानंतर दर वर्षी मी त्याच वाटेने गेले.

आणि आता आम्ही देश सोडून चाललो होतो. एका रविवारी सकाळी नाना जळगावला आले. पिशवीत भरताची वांगी होती, घरच्या शेतातली. चहा झाल्यावर यांना म्हणाले, "घरनी गाडी घरमाच ऱ्हावाले पाहिजे. तुम्ही परत येशात तवय वापरा." हे मान डोलावू लागले होते. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "गाडीला गिऱ्हाईक ठरलंय." ठरलं नव्हतं. नाना वांगी ठेवून गेले.

मग मी खरोखरच गिऱ्हाईक शोधलं. मुक्ताईनगरकडचा एक केळीवाला आला, गाडी चालवून बघितली, फारशी घासाघीस न करता विसार देऊन गेला. मला हलकं वाटलं. आठ दिवसांनी कागद करायला आला तेव्हा म्हणाला, "घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवा, ताई."

"का? गाडी तुम्हीच घेताय ना?"

"मले काय करायची? मी पाहुण्यासाठी घेतो."

"पाहुणे कुठले?"

तो साधा माणूस होता, खोटं बोलायची सवय नव्हती. टोपी काढून हातात धरली. "शिंदखेड्याचे," म्हणाला. "त्यांनीच सांगलं, नाव घेऊ नका."

मी आत जाऊन विसार आणला आणि त्याच्या हातात ठेवला. तो बिचारा माफी मागत गेला. संध्याकाळी हे घरी आल्यावर मी सांगितलं, "गाडी आपल्याबरोबर येईल."

हे दोन दिवस मला समजावत होते. गाडीच्या किमतीइतकंच भाडं होईल. बंदरात महिनाभर उन्हात पडेल. तिकडे जकात लावतील. सुटे भाग मिळणार नाहीत. सगळं खरं होतं. शेवटी म्हणाले, "हा निव्वळ सूड आहे."

"हो," मी म्हटलं. "माझ्या पाटल्या आहेत, लग्नात तुमच्या घराने घातलेल्या. त्या मोडते." आणि मोडल्या. त्या घरचं सोनं त्याच घरच्या गाडीच्या भाड्याला गेलं, यात मला जो आनंद झाला तो लपवायचं कारण नाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात नाना पुन्हा आले. आरटीओतून कागद निघाल्याचं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. हे ऑफिसात होते. दारातच उभे राहून नाना प्रथमच, अकरा वर्षांत प्रथमच, माझ्याकडे बघून बोलले.

"समुद्रमा बुडाई देशी, पन माले नही देशी?"

"नाही देणार."

"कसाले? मनी काय चूक?"

मी म्हटलं, "आखाजीच्या दिवशी तुम्ही मला यष्टीने पाठवलं होतं. गाडी धुतलेली होती म्हणून."

"कवय?" नानांनी विचारलं.

ते नाटक करत नव्हते. कधी, ते त्यांना आठवतच नव्हतं. ती सकाळ मी आठ वर्षं उराशी धरून बसले होते, आणि या माणसाकडे त्यातलं काहीच नव्हतं. मी सगळं सांगितलं, फोन, धुळ्याचा स्टँड, ओले कपडे. ते ऐकत होते. मग म्हणाले, "मना ध्यानमा नही," आणि चपला घालून गेले. त्यांनी आठवून माफी मागितली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पण त्या वेळी माझ्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली. पुढच्या आठवड्यात आम्ही गाडी घेऊन मुंबईला निघालो. धुळ्यापासून कसारा घाटापर्यंत मी चालवली, पुढे यांनी.

गाडी आमच्यामागून तीन महिन्यांनी दार-ए-सलामला पोचली. पुढचे दोन्ही दिवे गायब, आरसा तुटलेला, डिकीत पाणी. एक म्हातारा कच्छी मेकॅनिक भेटला. त्याने बॉनेट उघडलं आणि हसला. इंग्रजांच्या काळातल्या तिथल्या जुन्या गाड्यांचं आणि हिचं इंजिन म्हणे सख्ख्या बहिणींसारखं. त्याची गुजराती मला सहज कळायची. आमची गावची बोली तिच्यापासून फार लांब नाही. भंगारातून दिवे काढून त्याने गाडी उभी केली. मी ती चार वर्षं चालवली. मुलांना शाळेत सोडायला, बाजाराला, कधी नुसतीच समुद्राकाठी. मग एकदा मागचा आस मोडला आणि म्हाताऱ्यानेच ती भागांसाठी घेतली.

नाना परत आमच्याशी बोलले नाहीत. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकाही आली नाही, दुसऱ्यांकडून कळलं. हे त्या दिवशी जेवले नाहीत. भावाला तोडल्याचं दुःख यांना झालं, आणि ते माझ्यामुळे झालं, हे मी मान्य करते. यांच्यासाठी वाईट वाटलं. नानांसाठी नाही.

गाडी चालू होती त्या काळात पहिल्यांदा रजेवर जळगावला आलो, तेव्हा अक्का डोळे दाखवायला तिथे आल्या होत्या. कोणाला न सांगता रिक्षा करून आम्हाला भेटायला आल्या. त्या गाडीवरून घरात त्यांनी काय काय ऐकलं असेल, मला विचारवेना. त्यांनीही ते काढलं नाही. चहा पिऊन झाल्यावर फक्त म्हणाल्या, "तथा तू चालवस का ती?"

"तिकडेही रोज, अक्का."

त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग रिक्षावाला खोळंबलाय म्हणून उठल्या, आणि जाताना दारात माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "गाडी लई गयी, बरं करं तू."