टाकीवरची पानं

जमिनीतलं पाणी आकाशात परत कसं जातं, हे ज्याला खरोखर उमगलं होतं असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. दोरीवरचे कपडे वाळले की नाहीत, एवढं मात्र त्याला सांगता येत नसे. ही दुसरी माहिती त्याच्या पत्नीची. पहिली माझी.

जबलपूरबाहेरच्या एका कृषी संशोधन शेतावर ते निरीक्षक होते. सगळे त्यांना तौलबाबू म्हणत, कारण ते रोज सकाळी साडेसातला जमिनीचं वजन करत. हे अलंकारिक नाही. शेताच्या मधोमध मातीने भरलेली एक मोठी लोखंडी टाकी जमिनीच्या पातळीत पुरलेली होती आणि तिच्याखाली तराजू बसवलेला होता. भोवतालच्या शेतात जे पीक, तेच टाकीत. कालच्यापेक्षा आज वजन जितकं कमी, तितकं पाणी हवेत गेलं. काही मातीतून, काही पानांतून. पाऊस झाला असेल तर त्याचं वजन आजच्या वजनातून आधी वजा करायचं. एवढंच काम, आणि ते त्यांनी तीस वर्षं केलं.

तराजूच्या खड्ड्यात उतरण्याआधी ते टाकीभोवती सावकाश एक फेरी मारत. नव्याने आलेल्यांना ती प्रदक्षिणा वाटे आणि काही जण आदराने मागे सरत. तौलबाबू बेडूक शोधत असत. एक धष्टपुष्ट बेडूक टाकीवर बसला तर त्या दिवशी बाष्पीभवन कमी झाल्यासारखं दिसतं. नोंदवहीच्या शेवटच्या रकान्याला 'शेरा' असं नाव होतं; बाकीचे निरीक्षक त्यात 'निरंक' लिहून मोकळे होत. तौलबाबूंच्या रकान्यात मी हे वाचलं आहे : 'टाकीवर बगळा. उडेपर्यंत थांबलो.' आणि त्याखाली : 'उडाला नाही. हात हलवला.'

याच रकान्यात ते आठवड्यातून एकदा पानांची संख्या लिहीत. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. टाकीतली दहा झाडं ठरलेली. त्यांची पानं मोजायची, शाळकरी पट्टीने लांबी-रुंदी घ्यायची. कशासाठी, असं विचारलं की म्हणत, "पानी पानातून जाते, तर पानाले विचारायला नको? मातीले विचारून काय फायदा! उघडी माती वरचं वरचं पानी देते अन् दोन दिवसांत हात वर करते. झाड खालून काढून आनते."

माझं घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेलं, त्यामुळे आमच्या घरी पुस्तकी मराठी बोलण्याची हौस होती. तौलबाबूंचं घर शहरात ओमती नाल्याच्या मागे, मूळचे अमरावतीकडचे. माझं पहिलं वाक्य ऐकून ते म्हणाले, "अच्छा, तू तर रेडिओवानी बोलतो." मी संशोधक विद्यार्थी म्हणून गेलो होतो आणि माझ्याजवळ हवामानाचं मॉडेल होतं. मॉडेल म्हणजे संगणकातली पृथ्वी, गणिताने चालणारी. तिचे चौकोन पाडलेले असतात. आमच्या चौकोनात जबलपूर, शेतं आणि कुंडमचं जंगल एकत्र कोंबलेलं होतं. या पृथ्वीचं प्रात्यक्षिक मी त्यांना मोठ्या तयारीने दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"तुझ्या मशीनमधल्या झाडाले पानं कोन लावते?"

"तक्ता असतो, काका. कोणत्या महिन्यात किती पानं, ते ठरलेलं असतं."

"दरसाल तेच?"

"तेच."

"पाऊस नाही आला तरी?"

"तरी."

"मंग सरकारी झाडं हायेत," ते म्हणाले. "तारीख आली की हजर."

पुढच्या रविवारी, एप्रिलच्या ऐन उन्हात, त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवून कुंडमच्या रस्त्याला नेलं. रानात जमीन तडकलेली, गवत जळालेलं आणि मोहाची झाडं कोवळ्या, तांबूस पानांनी भरून गेलेली. कित्येक महिन्यांत पाऊस नव्हता. तौलबाबूंनी एक पान माझ्या तळहातावर ठेवून मूठ मिटवली. पान गार होतं. "याच्यातून पानी चाललं आता, या घडीले. तुझा तक्ता एप्रिलमध्ये काय म्हनते?" तक्ता एप्रिलमध्ये रान वाळलेलं आहे असं म्हणत होता. "म्हनू दे," ते म्हणाले. "त्याले काहून त्रास द्यायचा!" परतताना कमानिया गेटजवळ त्यांनी मला खव्याची जिलेबी खाऊ घातली आणि त्या विषयावर परत एक शब्दही काढला नाही. माणसाला त्याच्या चुकीबरोबर एकटं सोडण्याची ही रीत मला नंतर फारशी कुठे आढळली नाही.

पुढच्या वर्षी, त्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरले असताना, एक समिती येणार असं ठरलं. टाकी चालू ठेवायची की बंद करायची, हे ती ठरवणार होती. तौलबाबूंना स्वतःसाठी काही नको होतं. त्यांच्यानंतर टाकी चालू राहावी, एवढंच. आणि नेमकं त्याच ऑगस्टमध्ये त्यांचे आकडे घसरले. ऊन चांगलं, माती ओली, मॉडेलच्या मते भरपूर पाणी उडायला हवं. तौलबाबूंच्या वहीत जेमतेम निम्मं. साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, माझ्याकडून टिपण मागितलं. मी लिहून दिलं की मॉडेल आणि निरीक्षण यांत तफावत असून निरीक्षकाचे वाढते वय विचारात घ्यावे. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो.

समितीच्या आदल्या दिवशी साहेब शेतावर आले. टाकीतल्या सोयाबीनकडे बघून त्यांचा चेहरा पडला. पानांची चाळण झाली होती; काही झाडांना नुसत्या शिरा. आमच्याकडे एक जुना रिवाज होता : पाहुणे यायचे असले की टाकीत कुंड्यांमधली तरारलेली रोपं आणून लावायची. पाहुणे हिरवीगार टाकी पाहून खूश होत, आणि पुढचा महिनाभर तिच्यावरचे आकडे जगातल्या कुठल्याही शेताशी जुळत नसत. साहेबांनी माळ्याला कुंड्या आणायला सांगितलं.

"बाबूजी, कमेटी आ रही है. टंकी हरी दिखनी चाहिए."

"साहब, खेत हरा कर दीजिए," तौलबाबू म्हणाले. "टंकी अपने आप हो जाएगी."

"आप समझते नहीं. ये टंकी के भले के लिए है."

"तीस साल में इसने झूठ नहीं बोला साहब. कल झूठ बुलवाएँगे तो परसों से इसकी कौन सुनेगा?"

साहेब माळ्याकडे पाहत राहिले. तौलबाबू टाकीच्या काठाशी उकिडवे बसले आणि उठले नाहीत. माळी कुंडी हातात घेऊन बराच वेळ उभा होता. शेवटी ती त्याने स्वतःच्या जबाबदारीवर खाली ठेवली.

साहेब गेल्यावर मी जवळ गेलो. माझ्या टिपणाबद्दल त्यांना माहीत होतं, ते त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं. "काका, पानांना काय झालं?"

"आता विचारून राहिला?" ते न वळता म्हणाले. "वही वाच."

मी वही उघडली. शेऱ्यात, तीन आठवडे ओळीने, त्यांच्या बारीक अक्षरात : 'अळी.' 'अळी वाढली. दहा झाडांत पानं निम्मी.' 'आजूबाजूच्या शेतातही हेच. टाकीवर फवारणी वेगळी केली नाही.' आकड्यांचे रकाने मी वर्षभर पाठ करत होतो. शेवटचा रकाना मी कधी वाचलाच नव्हता. माझ्या मॉडेलमधलं सोयाबीन पूर्ण पानांनिशी डोलत होतं, कारण महिना ऑगस्ट होता.

"तुझ्या सोयाबीनले अळी लागत नाही का रे?"

"नाही, काका."

"बियानं चांगलं दिसते."

त्या संध्याकाळी मी तक्ता काढून टाकला आणि त्यांनी मोजलेली पानं घातली. मॉडेलची रेघ खाली आली आणि त्यांच्या रेघेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी ते समितीसमोर मांडलं, माझं टिपण चुकीचं होतं हेही सांगितलं. समितीने माना डोलावल्या. अध्यक्ष उठून उभे राहिले आणि म्हणाले की असा उत्कृष्ट मेळ त्यांनी क्वचितच पाहिला आहे. अहवालात लिहून आलं की मॉडेलने आपली अचूकता निःसंशय सिद्ध केली असल्यामुळे आता टाकीची गरज उरलेली नाही.

ही बातमी मीच त्यांच्या घरी जाऊन सांगितली. काकूंनी चहा ठेवला. तौलबाबू म्हणाले, "चलो, म्हंजे आपन बरोबर होतो." चहा संपल्यावर त्यांनी कप बशीत उपडा घातला. "पन आता तुझं मशीन चुकलं तर त्याले सांगन कोन?" सगळ्या जुन्या नोंदवह्या त्यांनी आधीच सुतळीने बांधून ठेवल्या होत्या. त्या माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "रडू नको. शेरा वाचत जा."

निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांना शाल दिली आणि अर्धा तास भाषण केलं. त्यात टाकीचा उल्लेख नव्हता. शेवटच्या सकाळी मात्र ते नेहमीप्रमाणे साडेसातला आले, फेरी मारली, खड्ड्यात उतरले, वजन लिहिलं. शेऱ्यात लिहिलं : 'निरंक.' तीस वर्षांच्या वह्यांत तो शब्द त्यांनी एकदाच वापरला.

पुढे मी ज्या मॉडेलवर काम केलं त्यात पानं आपली आपण वाढतात. पाणी मिळालं तर जास्त, नाही मिळालं तर कमी, आणि त्यांच्या वाढण्या-झडण्याने हवेत जाणारं पाणी बदलतं. परिषदांमध्ये लोक विचारतात की ही कल्पना मला कुठे सुचली. मी कुंडमचा रस्ता म्हणून सांगतो. ते नकाशात शोधतात. माझे विद्यार्थी कधी आकड्यांचा सुंदर मेळ घेऊन आले की मी आधी त्यांना शेताचं नाव विचारतो आणि मग ते शेत पाहून यायला सांगतो. त्यांच्यात मी लोकप्रिय नाही.

तौलबाबू गेले त्यानंतर काही वर्षांनी शेतावर दुसरी समिती आली. वाढत्या वनस्पतींची मॉडेलं प्रत्यक्षाशी ताडून पाहण्यासाठी या ठिकाणी वजन करणारी एक टाकी बसवावी, अशी तिने एकमताने शिफारस केली. शिफारस मंजूर झाली आहे. जुन्या जागेवर ध्वजस्तंभाचा चबुतरा असल्यामुळे नव्या जागेचा शोध चालू आहे.