सगळ्या ट्रॅक्टरवर एकच गाणं

आज सकाळी जीव टांगणीला लागला होता, मंडळी.

माझा भाऊ ट्रॅक्टरनं पाटसच्या कारखान्यावर ऊस नेतो. पहाटे परत येणारा माणूस नऊ वाजले तरी आला नाही. फोनही लागेना.

रस्त्यावर ट्रॅक्टरचं गाणं वाजलं की आई दारात धावायची. तीन ट्रॅक्टर गेले, तिन्हींवर तेच गाणं. मलाही आवडतं ते, पण आज नकोसं झालं.

आई म्हणाली, "तुझे आप्पा बैलगाडीवर गात यायचे. वळणावर आवाज आला की मी चहा टाकायची. आता कुणाचं पोरगं येतंय, तेच कळत न्हाई."

चौथ्या ट्रॅक्टरवरही तेच गाणं वाजलं. आई उठलीच नाही. त्यावरनं भाऊ उतरला.

तुमचं माणूस घरी येतंय, हे तुम्हाला लांबून कशावरनं कळतं?