डांबर नांगरणारे टायर

दोन दारांच्या, जमिनीपासून वीतभर उंच असलेल्या लाल स्पोर्ट्स कारला मी ट्रॅक्टरसारख्या खोल खाचांचे टायर बसवले. कुणी भरीस घातलं नव्हतं. फसवलंही नव्हतं. पूर्ण विचार करून बसवले.

विचार कसा केला तेही सांगतो. उमरग्यात माझं पाइप आणि मोटारपंपाचं दुकान आहे. दोन्ही पोरं पुण्याला नोकरीला लागली, घरात आम्ही दोघंच उरलो, आणि नेमकी तेव्हाच हैदराबादच्या एका डॉक्टरची ही जुनी गाडी माझ्या नजरेला पडली. दोनच सीट. बायकोला म्हणालो, "बघ, आपल्याच मापाची हाय." ती आधी नको म्हणाली. मग एका अटीवर हो म्हणाली. सोमवारी दुकान बंद असतं. दर सोमवारी तिला ढोकीजवळ माहेरी न्यायचं, तिच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, भेटवायचं, आणि जाता-येता गाडीत तिच्याशी बोलायचं. "घरी तुमी फोनवर असता, न्हायतर हिशेबात," ती म्हणाली. "गाडीत तरी सापडाल."

अट सोपी होती. पहिले काही सोमवार झकास गेले. मग साखर कारखाना सुरू झाला आणि ढोकीच्या बाजूचे रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरले. ट्रॉल्या फडातून बाहेर येतात त्या चाकाला चिकटलेला अर्धा फड घेऊनच. त्यात कुणाचीतरी पाइपलाइन फुटून रस्त्यावर पाणी आलेलं. मी ब्रेक दाबला. डॉक्टरसाहेबांच्या काळातले गुळगुळीत टायर डांबरावरून साबणासारखे सरकले, गाडीनं स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि पाठमोरी उसात जाऊन बसली. लागलं कुणालाच नाही. बायको फक्त एवढंच म्हणाली, "आलं का माहेर?"

मेव्हण्यानं ट्रॅक्टर आणून गाडी ओढली. निम्मं गाव बघायला आलं होतं. मी खाली मान घालून उभा होतो, त्यामुळे ट्रॅक्टरचं मागचं चाक नेमकं नाकासमोर आलं. चार-चार बोटं उंचीचे दात. त्याच चिखलातून ट्रॅक्टर आला, त्याच चिखलात उभा राहिला, तसूभर घसरला नाही. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पकड म्हणजे दात! आमच्याकडं टायर घेताना माणूस आधी खाचेत बोट घालून बघतो. बोट जेवढं आत जाईल तेवढा माल चांगला. मी त्याच संस्कारात वाढलेला. सोलापूरहून जीपचे टायर शोधून आणले. माझ्या गाडीच्या मापापेक्षा ते थोडे उंच होते, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डला घासायचे. मी म्हणालो, घासून घासून बसतील जागेवर.

पहिल्याच सोमवारी गाडी बोंबलायला लागली. गाव सुटेपर्यंत नुसती गुणगुण होती. हायवेला लागल्यावर पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं झालं. बायको काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, "काय?" ती पुन्हा म्हणाली. मी म्हणालो, "आं?" असं अडीच तास. परतीला तिनं तोंडच उघडलं नाही. पुढच्या सोमवारी मी गाडी पुसून दारात लावली, तर ती पिशवी घेऊन स्टँडवर निघालेली.

"अगं, गाडी हाय की!"

"एसटीत अर्ध्या तिकिटात खिडकी मिळती," ती म्हणाली, "आन ती तुमच्या गाडीपेक्षा कमी वरडती."

महिनाभर ती एसटीनं गेली आणि मी घरी त्या गाडीच्या रिकाम्या सीटकडं बघत बसलो. शेवटी तिनंच तोड काढली. "अजून एक डाव बसीन. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी. तवाबी माझा मलाच आवाज आला न्हाय, तर गाडी विकायची. कबूल?" मी कबूल म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

हायवेवर ट्रकच्या टायरचं एक जुनं दुकान आहे. मालक सत्तरीचे, कपाळाला भस्म, मराठीत सुरू केलेलं वाक्य कानडीत संपवणारे. सगळा तालुका त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी माझ्या गाडीला एक फेरी मारली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "शेठ, डांबरात काय पेरायचं हाय?"

"म्हणजे?"

"हे दात मातीत रुतून धरत्यात. डांबर थोडंच रुतू देतंय? तिथं दात नुसते आपटत्यात. तुमी रस्ता नांगरायलाय न्हवं का, म्हणून वरडतंय."

मग पकड येते कुठून, मी विचारलं. अण्णांनी एका टायरवर माझा अंगठा दाबून धरला, मग दुसऱ्यावर. पहिला लाकडासारखा. दुसऱ्यात नख किंचित रुतलं. "रबर मऊ पायजे. रस्त्याला जास्तीत जास्त रबर टेकायला पायजे. खाचा पायजेत त्या पाणी बाहेर काढायला, चावायला न्हाय. पण मऊ रबर लवकर झिजतंय, आधीच सांगतो. पकड, शांतता आन दहा वर्षं आयुष्य, तिन्ही मागू नका."

मला याचं इतकं कुतूहल वाटायला लागलं की विचारू नका. पन्नाशी उलटलेला माणूस, आयुष्यभर टायरवर बसून फिरलेला, आणि टायर नावाची वस्तू कधी बघितलीच नव्हती! त्या आठवड्यात उमरग्यातल्या उभ्या गाड्यांपाशी मी थांबत गेलो. खाली बसायचं, अंगठा दाबायचा, नक्षीवरून तळवा एकदा पुढं, एकदा मागं फिरवायचा. एकीकडून मऊ आणि उलट्या बाजूनं कानशीसारखं खरखरीत लागलं, तर समजायचं की चाक वाकडं चालतंय. हेही अण्णांनीच शिकवलेलं. एका दवाखान्यासमोर पांढऱ्या मोटारीच्या मागच्या चाकापाशी मी असाच डोळे मिटून तळवा फिरवत होतो. वॉचमन काठी घेऊन आला.

"ओ काका, हवा सोडायलाव का?"

"न्हाय न्हाय. रबर बघायलोय."

"रबर? कुणाचं?"

तेवढ्यात गाडीचे मालक, म्हणजे डॉक्टरच, बाहेर आले. मी उठून अदबीनं सांगितलं, "साहेब, तुमचं डावं चाक वाकडं चालतंय." त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग वॉचमनकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्यांना आत घ्या, बीपी बघू." माझा बीपी बघितला. तो खरंच वाढलेला निघाला.

अण्णांनी माझ्या मापाचे टायर हैदराबादहून मागवले. आले त्या दिवशी मी दुकान अर्ध्यात टाकून धावलो. आता मी जाणकार झालो होतो, त्यामुळं बारकाईनं तपासले, आणि तिथंच दुसऱ्यांदा माती खाल्ली. नक्षीतले रबराचे ठोकळे एकसारखे नव्हते! एक रुंद, शेजारचा अरुंद, पुढचा मधलाच. मी पाइप विकणारा माणूस. माप चुकलेला माल मला लगेच कळतो. भरल्या दुकानात मोठ्यानं म्हणालो, "अण्णा, परत पाठवा. डिफेक्टिव्ह माल हाय. ठोकळे बघा, एकाचं माप दुसऱ्याला न्हाय."

दोन ट्रक ड्रायव्हर चहा पीत बसले होते, ते हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी दोघांना सांगितलं, "टाळ्या वाजवा रे. एका ठेक्यात." दोघांनी वाजवल्या. दुकान घुमलं. "आता ज्याची त्यानं, मनाला येईल तशी." टाळ्या विस्कटल्या. आवाज होता, पण घुमत नव्हता. बाहेरच्या रहदारीत मिसळून गेला.

"ठोकळे एका मापाचे असले की एका ठेक्यात रस्त्यावर आपटत्यात आन सूर धरत्यात," अण्णा म्हणाले. "म्हणून मुद्दाम बेताल केल्यात. समजलं का, इन्स्पेक्टरसाहेब?"

समजलं. मला तर ते इतकं आवडलं की मी त्या टायरसमोर पाच मिनिटं उकिडवा बसून राहिलो. शांतता हवी म्हणून कुणीतरी बसून बेतालपणा मोजूनमापून घडवला होता! टायर चढले, चाकांचा तोल साधला गेला, हवा अण्णांनी स्वतः बघितली.

सोमवार आला. बायको दारातून निघाली ती दोन्ही कानांत कापूस घालून. गाडीत बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरली, जणू मध्येच उतरायचं आहे. मी श्वास रोखून निघालो. हायवे लागला. गाडी फक्त वाऱ्याचा आवाज करत होती. लोहारा यायच्या आत तिनं एका कानातला कापूस काढला, थोड्या वेळानं दुसऱ्या. पिशवी पायाशी ठेवली.

"ऐकू येतंय," ती म्हणाली. "बरं, मी काय म्हणत हुते, आप्पांच्या डोळ्याचं..."

"का ऐकू येतंय सांगू?" मी म्हणालो.

आणि सांगितलं. ठोकळ्यांचं सांगितलं. टाळ्यांचं सांगितलं, एकदा स्टिअरिंग सोडून वाजवूनही दाखवल्या. मऊ रबर, पाण्याच्या खाचा, दवाखान्यातला बीपी. मध्ये ती दोनदा "आप्पांच्या डोळ्याचं" म्हणाली, मी दोनदा म्हणालो, "थांब, आता खरी गंमत पुढंच हाय." गंमत खरोखरच पुढं होती. ढोकीच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी आली, रस्त्यावर तोच ओला चिखल. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, आहे त्या जागी, शहाण्यासारखी उभी राहिली.

"बघितलंस?" मी ओरडलो. आणि मग चिखलातली पकड ह्या विषयावर गाव येईपर्यंत बोललो.

मेव्हणा दारातच उभा होता. "दाजी, आज ट्रॅक्टर काढावा लागला न्हाय म्हणायचं!" मग बहिणीकडं वळून म्हणाला, "काय ठरलं, ताई? विकायची का गाडी?"

तिनं पिशवी त्याच्या हातात दिली, कापसाचे दोन्ही बोळे माझ्या हातात दिले, आणि आप्पांच्या खोलीकडं जाता जाता म्हणाली, "गाडी ऱ्हाऊ दे. टायर गप झाले. आता ह्यांना गप करायचं ऱ्हायलंय."