पाटीला लोंबकळणारे आतोबा

आमच्या लहानपणी सोलापूरच्या पेठेत रस्त्यावर पुढे आलेली अशी एकही पाटी नव्हती, जिला आमचे आतोबा एकदा तरी लोंबकळले नव्हते. हे मी थट्टेने सांगत नाही. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. नगरपालिकेत पाट्यांचे परवाने देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. दुकानदाराला रस्त्यावर पाटी लावायची तर परवाना लागे, आणि ती टांगणाऱ्या मिस्त्रीला स्वतःचं वेगळं लायसन लागे. नियमात एवढंच होतं की, पाटी मजबूत असल्याची निरीक्षकाने खात्री करून घ्यावी. दुसऱ्या कोणी खालून मान वर केली असती, फार तर काठीने ढोसून पाहिलं असतं. आतोबा शिडी लावत, डोक्याचा रुमाल काढून शिपायाच्या हाती देत, कासोटा आवळत, पाटीची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरत आणि पाय सोडून देत. "खात्री डोळ्यांनी होत नसते, हाडांनी होते," असं त्यांचं म्हणणं. पन्नाशीला टेकलेला, कपाळाला भस्म लावलेला, कोट घातलेला माणूस भर पेठेत पडवळासारखा लोंबतोय, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातली गुळाची पुडी खाली पडली होती. पुढे कितीदा तरी पाहिलं, पण सवय म्हणून झाली नाही.

सवय कोणालाच झाली नाही. एका शिंप्याच्या पाटीला ते असेच लोंबकळत असताना माडीवरच्या बाईंनी पापड वाळत घालायला खिडकी उघडली, तर समोर एक गृहस्थ अधांतरी. बाईंनी किंकाळी फोडली. आतोबांनी हात न सोडता मोठ्या अदबीने सांगितलं, "भिऊ नका बाई, मी मुनसिपालटीतला आहे." हे ऐकून तर बाई मटकन खालीच बसल्या. मिस्त्री लोक त्यांना पाठीमागे वटवाघूळ म्हणत. आतोबांना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही खोटंही वाटत नसे. ज्याला लायसन हवं त्याने कचेरीच्या मागल्या भिंतीत कडी बसवायची आणि आतोबांनी तिला लोंबकळायचं, ही परीक्षा. नापास झालेल्याला ते कपडे झटकत झटकत कुठं चुकलं ते समजावून सांगत.

बरं, हे खूळ कचेरीत ठेवून घरी यावं, तर तेही नाही. झोपाळ्यावर बसण्याआधी त्याच्या कड्या ओढून बघायच्या, मांडवात जेवायला बसण्याआधी खांब हलवायचा. टेंभुर्णीला नात्यातल्या एका बारशाला गेले आणि बाळाला पाळण्यात घालायच्या वेळी म्हणाले, थांबा. कोणी काही बोलायच्या आत पाळण्याची दोरी धरून अंग सोडलं. माळवदाची माती भसकन पेढ्यांच्या ताटात पडली. यजमानांचा चेहरा बघवत नव्हता. मात्र कडी खरोखर सैल होती, ती नव्याने बसवावी लागली, आणि मग बारसं झालं. आत्या त्या दिवशी घरी येऊन रडली. लोकांच्या जिवासाठी स्वतःचा जीव कशाला टांगता, असं ती त्यांना नेहमी विचारायची. आतोबा मैंदर्गीकडचे, घरात वाद वाढला की कानडीत शिरायचे. पण या प्रश्नाला मराठीतच उत्तर द्यायचे, की पाटी पडायचीच असेल तर माझ्यासकट पडावी, खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडू नये.

माझ्या वडिलांनी सुताचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा हे सगळं आमच्या दारात आलं. सागवानी पाटी पुण्याहून रंगवून आणली होती, लोखंडी चौकटीत बसवलेली, चार गडी लागतील इतकी जड. पाडव्याला सकाळी ती टांगायची आणि तिच्याखालून पहिलं गिऱ्हाईक आत घ्यायचं, असा वडिलांचा बेत. साऱ्या पेठेला आमंत्रण होतं. पाटी टांगणारा नरसय्या मिस्त्री पद्मशाली, घरात माग, हाताचा मोठा चोख. कडी आठ दिवस आधी भिंतीत बसवून चुना वाळू द्यावा असं त्याचं मत होतं. पण भटजींनी सांगितलं, पाटीचा आरंभ कडीपासून. कडीही मुहूर्तावरच बसली पाहिजे. झालं, पाडव्याच्या पहाटे कडी भिंतीत गेली. नरसय्या पुन्हा म्हणाला, "मालक, चुना ओला हाय. वाळू द्या की."

वडील म्हणाले, मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. आणि परवाना देणारा तर आपल्या घरचा जावई. तो काय आपल्याच पाटीला लोंबकळणार आहे? त्याच्यासाठी आत जरीकाठी धोतर काढून ठेवलं होतं.

आतोबा आले. पाटीला हार घातला होता, खाली आत्या आरतीचं ताट घेऊन उभी होती, मागे सगळी व्यापारी मंडळी. आतोबांनी वर पाहिलं आणि शिडी मागितली. वडिलांनी त्यांना बाजूला घेतलं. भावजी, जेवणं होऊ द्या, उद्या बघा, एवढ्या लोकांत नको, अशी विनवणी केली. आतोबा म्हणाले, "सगळ्या गावाच्या पाट्यांना लोंबकळलो, आणि मेव्हण्याच्या पाटीला नुसती मान डोलवू?" वडिलांचा तोल गेला. आमच्या घरात जावयापुढे कोणी आवाज चढवला नव्हता, पण त्या दिवशी ते म्हणाले, "माझी अब्रू चव्हाट्यावर टांगायची आहे ना तुम्हाला? टांगा." मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि तरी मला खरं वाटेना.

आतोबांनी आत्याला दंडाला धरून लांब उभं केलं, रुमाल उतरवला, वर चढले आणि पाय सोडले. एक झोका नीट गेला. मग चिखलातून खुंटी निघावी तशी कडी भिंतीतून निघाली, आणि पाटी, हार आणि आतोबा एकदमच खाली आले. आत्या मघाशी उभी होती तिथली फरशी फुटली. तिच्या हातातल्या ताटातलं निरांजन अजून जळत होतं.

आतोबांचा पाय मांडीत मोडला होता. वडील पांढरेफटक होऊन त्यांच्याशेजारी गुडघे टेकून बसले. आतोबांनी शेजारी पडलेली कडी उचलली, तिला लागलेला चुना बोटाने चोळला आणि म्हणाले, "चुना आजचा आहे. नरसय्याचं लायसन कोणी काढून घ्यायचं नाही." त्यानंतर त्यांची शुद्ध गेली.

दुकान तसंच बंद राहिलं. लोकांनी पुन्हा मुहूर्त काढायला सांगितलं, पण वडील ऐकत नसत. आतोबा खुर्चीत बसण्याजोगे झाले, तेव्हा कुठं नरसय्याने कडीचा गज भिंतीच्या आरपार नेऊन आतल्या तुळईला अडकवला. चुना चांगला खडखडीत वाळला. मग वडिलांनी खुर्चीसकट आतोबांना दुकानासमोर आणवलं आणि पाटी तपासायला सांगितलं. आतोबा आपल्या पायाकडे बघत राहिले. त्यांच्याऐवजी लोंबकळायला शिपायाने आधीच हात जोडून नकार दिला होता.

तेव्हा वडिलांनी फेटा उतरवला. ते भारदस्त गृहस्थ, आपली छत्रीही कधी स्वतः धरली नव्हती. ते शिडी चढले, दांडी धरली आणि पाय सोडले. सदरा वर गेला, पोट उघडं पडलं, सगळी पेठ हसायला लागली. एकटे आतोबा हसले नाहीत. "अजून," ते म्हणाले. "एक हिसका द्या." वडिलांनी हिसका दिला. पाटी हलली नाही.

खाली उतरल्यावर वडिलांनी हसणाऱ्या लोकांकडे पाहिलं.

"हसा," ते म्हणाले. "या पाटीला मी माझ्या बहिणीचं कुंकू टांगलं होतं."

हसणं थांबलं. आतोबांनी परवान्यावर सही केली, पण त्यांना नीट दिसत नसावं, कारण शाई पसरली.

त्यांचा पाय पुढे सरळ झालाच नाही. ते काम दुसऱ्या गृहस्थांकडे गेलं. ते खालूनच पाहायचे आणि नियमात बसणारं सगळं करायचे. नंतर पेठेत कितीतरी पाट्या लागल्या, त्या मजबूतही असतील. पण त्यांच्याखालून जाताना, आपल्याआधी कोणीतरी इथं आपला जीव टांगून पाहिला आहे, असं वाटायचं ते सुख आतोबांबरोबरच गेलं.