फक्कीच्या रेघांची सावली

आज साइटवर नव्या बागेची आखणी करायला फक्कीची गोणी फोडली, आणि चुन्याच्या त्या कोरड्या वासानं मला बारावीनंतरच्या मे महिन्यात नेलं.

लँडस्केप आर्किटेक्ट व्हायचं, त्यासाठी पुण्याला शिकायला जायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. टेंपो चालवणारे माझे वडील, अण्णा, म्हणाले, "झाडं लावायला कालेज कशाला लागतंय?" म्हणून मग सोलापूरच्या त्या उन्हात, घरामागच्या मोकळ्या जागेवर मी अख्खी बाग फक्कीनं काढली. वळणाची पायवाट, बाक, कडुनिंबाच्या सावलीचा मोठा गोल. हात पांढरेफटक झाले होते.

अण्णा रेघा तुडवतच येणार, असं मला वाटलं. पण ते पायवाटेवरून वळत वळत चालत आले आणि त्या गोलात थांबले. भर उन्हात त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मान पुसली.

"हितं बरं वाटतंय की," ते म्हणाले. "कवा जायचंय पुण्याला?"

त्यानंतर कितीतरी लोकांना आराखडे दाखवले, पण रेघेच्या सावलीत टोपी काढणारं दुसरं कुणी भेटलं नाही.

तेव्हा मात्र आईला सांगायला मी सगळ्या बागेतून आडवीच धावत सुटले. मागून अण्णांचा आवाज आला, "अगं, वाटेनं जा की."