जॉइसआजींची हॉटी

आधी चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर ठसका लागेल आणि आळ माझ्यावर येईल.

हिल्सबरोच्या उतारावर मी भाड्याने घर घेतलं. घर कसलं, तळघरच ते. वर मालकीणबाई, जॉइसआजी, वय ऐंशीच्या घरात. पृथ्वीच्या या खालच्या टोकाला जुलै म्हणजे ऐन हिवाळा; माझ्या भिंतीला टेकलं की शर्ट ओला. आणि शनिवारी बायको पुण्याहून यायची होती, कायमची. तिने फोनवर बजावलंच होतं, "घर गार असेल तर मी बॅगा उघडणार नाही."

"अगं, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. एक खोली तापवता येणार नाही मला?"

"बरं. आईंनी शेकायची रबरी पिशवी दिलीय, आणू?"

"ते लटांबर कशाला? इथे सगळं मिळतं."

झालं, कंबर कसली. हीट पंप लावावा तर वीज खातो. गॅसच्या हीटरने भिंतींना आणखी घाम. तेलाचा हीटर आणला, तर पोट पुण्यात आणि पाठ काश्मिरात. पण हार मानेन तो मी कसला? खिडक्यांना प्लास्टिक चिकटवलं, दाराखाली टॉवेल कोंबले.

शुक्रवारी जॉइसआजी माझी ही धडपड बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कशाला एवढा खर्च, डिअर? हॉटी घेऊन झोप की. नवरा गेल्यापासून मी दोन घेते. एक पायाशी, एक पाठीशी."

आता हॉटी म्हणजे झकास देखणं माणूस, हे मी कॉलेजच्या कट्ट्यावर शिकलेलो. ऐंशीची बाई, आणि दोन?

"नको, नको. उद्या बायको येतेय माझी."

"मग तिलाही एक लागेल. केमिस्टकडे हीप्स आहेत, ढिगाने. तोवर माझा जुना नेतोस? जरा गळतो, पण ऊब छान देतो."

मी हात जोडले आणि आत पळालो.

शनिवारी बायकोला घेऊन आलो, तर आजी फाटकातच उभ्या. तिला म्हणाल्या, "याला किती सांगितलं, तू यायच्या आत हॉटी आण. ऐकेल तर शपथ."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. हातातली बॅग खाली ठेवली नाही. "काय चाललंय इथे?"

माझा संसार सुरू व्हायच्या आधीच बुडत होता. मी छाती पुढे काढली आणि खणखणीत इंग्रजीत म्हणालो, "जॉइस, आमच्यात माणूस फक्त आपल्या बायकोबरोबर झोपतो. ती आमची संस्कृती आहे."

आजी घरात गेल्या आणि लोकरीचं झबलं घातलेलं काहीतरी घेऊन आल्या. झबलं काढलं. आत गुलाबी रबरी पिशवी, गरम पाण्याने भरलेली.

"हॉटी," त्या म्हणाल्या.

बायकोने ती पोटाशी धरली. मग म्हणाली, "म्हणजे लटांबर."

बॅगा उघडल्या तिने, देवाची कृपा. तळघर अजून गारच आहे. रोज संध्याकाळी जॉइसआजी जिन्यावरून हाक मारतात, "हॉटी आहे ना गं तुझ्याकडे?"

आणि ही माझ्याकडे बघत खालून सांगते, "आहे. पाणी तापवतोय."